यमू आमच्याच घरातली

हप्त्याहप्त्याने येणारी एखाद्या कुटुंबाची गोष्ट वाचता वाचता वाचक तिच्यात आपले घर शोधू लागतो. कथेतल्या सासूच्या जागी आपली सासू येऊन बसते, वाटणीवरून अबोला धरलेल्या दोन भावांत आपले काका दिसतात, नायिकेची पाठवणी झाली की आपल्या पाठवणीचा दिवस आठवतो. ही सवय दूरदर्शनने लावली असे सर्रास म्हटले जाते. थोडे मागे जाणारे ती मासिकांच्या नावावर मांडतात, इंग्रजी वाचलेले डिकन्सपाशी थांबतात. तिचे कूळ शोधायला त्याहून मागे आणि आपल्या घराच्या अधिक जवळ जावे लागते. ते शोधताना आणखी एक गोष्ट ध्यानात येते. या सवयीच्या मुळाशी ‘पुढे काय होणार’ ही उत्कंठा असते असे आपण धरून चालतो. पण पुरावा तसे सांगत नाही. ही सवय सहवासातून आली आहे. गोष्टीतल्या माणसांचे दिवस आणि ऐकणाऱ्याचे दिवस शेजारी शेजारी चालू लागले, की त्यांची तुलना कोणी न सांगता सुरू होते.

मराठी मुलखात या सहवासाची जुनी खूण जात्यापाशी सापडते. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी खेड्यापाड्यांतून गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या लाखावर जाते. त्यांतली सीता ही राजकन्या कमी आणि सासुरवाशीण जास्त आहे. तिला छळणारी कैकेयी सासू म्हणून येते. तीच सीतेकडून रावणाच्या पायाचा अंगठा काढवून घेते आणि रामाच्या मनात किल्मिष भरवते. वाल्मीकींच्या रामायणात हा प्रसंग नाही. जी सासू घराघरांत होती, ती दळणाऱ्या बायकांनी अयोध्येत नेऊन ठेवली. या ओव्यांत एक कल्पना पुन्हा पुन्हा भेटते: सीतेला झालेला सासुरवास इतका होता की एकटीला तो पुरून उरला, म्हणून तिने तो साऱ्या बायकांना वाटून दिला. या कल्पनेशी जरा थांबायला हवे. गाणारी बाई स्वतःला सीता समजत नाही. ‘माझ्या वाट्याला आलेले दुःख त्या मोठ्या दुःखातला वाटा आहे’ असे ती म्हणते. आपल्या दुःखाला माप नव्हते. सीतेमुळे ते मिळाले. दुसऱ्या दिवशी पहाटे दळण पुन्हा असे, आणि सीता तिथेच असे.

पोथीचेही तसेच. कवी श्रीधरांचे ‘हरिविजय’ 1702चे, ‘रामविजय’ 1703चे, ‘पांडवप्रताप’ 1712चे. चातुर्मासात देवळात किंवा वाड्याच्या ओसरीवर पोथी लागे; वाचणारा एक, ऐकणारे अनेक, आणि अध्यायापुढे अध्याय रोज थोडा थोडा. भाऊबंदकी, द्यूतात गेलेली इस्टेट, भरल्या सभेत गप्प बसलेले वडीलधारे, असा सगळा ऐवज ‘पांडवप्रतापा’त होता आणि ऐकणाऱ्यांच्या गावातही होता. इथे उत्कंठेचा सिद्धांत कोसळतो. द्रौपदीचे पुढे काय होणार हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. तरी डोळे दर वर्षी भरून येत. शेवट माहीत असलेली गोष्टही हप्त्यांनी ऐकली की घरात मुक्कामाला येते. आजचा अध्याय आणि उद्याचा अध्याय यांच्यामध्ये ऐकणाऱ्या बाईचा स्वतःचा एक दिवस जातो. त्या दिवसात जावेशी तिचे वाजते, मुलगा आजारी पडतो, माहेरचा सांगावा येतो. हे सगळे घेऊनच ती संध्याकाळी पुन्हा पोथीला बसते.

युरोपात हीच गोष्ट छापखान्याने घडवली आणि वाचकाच्या हातात टपाल आल्यामुळे तिचा लेखी पुरावा राहिला. सॅम्युअल रिचर्ड्सनची ‘क्लॅरिसा’ डिसेंबर 1747 ते डिसेंबर 1748 या काळात तीन टप्प्यांत बाहेर पडली. मनाविरुद्धच्या लग्नासाठी घरच्यांनी कोंडलेल्या मुलीची ही गोष्ट. शेवटचे खंड यायच्या आधी लेडी ब्रॅडशे या वाचक बाईने खोटे नाव घेऊन लेखकाला पत्रे लिहिली आणि क्लॅरिसाला मारू नका म्हणून विनवले. रिचर्ड्सनने ऐकले नाही. 1842-43मध्ये पॅरिसच्या एका दैनिकातून यूजेन स्यूची ‘पॅरिसची रहस्ये’ ही कादंबरी येत असताना कामगारांपासून प्रतिष्ठितांपर्यंत अनेकांनी स्यूला पत्रे लिहिली. त्यांतली चारशेहून अधिक पॅरिसमधल्या ग्रंथालयात जपून ठेवलेली आहेत. अमेरिकेत लुईझा मे ऑल्कॉटच्या ‘लिटल विमेन’चा पहिला भाग 1868मध्ये आणि दुसरा 1869मध्ये निघाला. मधल्या महिन्यांत मुलींनी पत्रे लिहून चार बहिणींची लग्ने कोणाशी होणार ते विचारले, आणि या एकाच प्रश्नाने ऑल्कॉट वैतागली. त्यांतल्या जोचे लग्न शेजारच्या लॉरीशी लावायचे नाही, हा तिचा निश्चय मात्र ढळला नाही.

यावर एक वाजवी आक्षेप आहे. रूसोची ‘जूली’ ही कादंबरी 1761मध्ये हप्त्यांनी आली नव्हती, पुस्तक म्हणूनच आली. तरी तिच्या वाचकांनी रूसोला अश्रूंनी भिजलेली पत्रे पाठवली, आणि ही माणसे खरोखरच होती का, असेही विचारले. मग हप्त्यांचे महत्त्व ते काय? या पत्रांचे मोल मी नाकारत नाही, पण त्यांची जात वेगळी आहे. पुस्तक मिटल्यावर लिहिलेले पत्र आभाराचे, शोकाचे किंवा कबुलीचे असते. गोष्ट चालू असताना लिहिलेले पत्र घरातल्या माणसाला दिलेल्या सल्ल्यासारखे असते: असे करू नको, तिला थोडे सांभाळून घे, त्या माणसाचा भरवसा धरू नको. असा सल्ला देणारा वाचक नायिकेच्या बरोबरीने निर्णयाच्या उंबरठ्यावर उभा असतो. निर्णय झालेला नसेपर्यंतच दोघांची स्थिती सारखी असते, आणि तुलना खरी होते ती तिथेच.

या दोन धारा, पोथीची आणि छापील हप्त्यांची, मराठीत एकत्र आल्या त्या 1890मध्ये. हरि नारायण आपटे यांनी त्या वर्षी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी येऊ लागली. 1893पर्यंत ती चालली. त्यांच्या आधी मराठी कादंबरी होतीच. ‘मुक्तामाला’ आणि ‘मंजुघोषा’ यांच्यासारख्या 1860च्या दशकातल्या कादंबऱ्या अद्भुताच्या होत्या. त्यांत कोणी आपली आत्या शोधली नसती. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’ने 1857मध्येच विधवांचे हाल मांडले होते, पण तिथली यमुना प्रवासात भेटलेल्या बायकांची दुःखे एकामागून एक दाखवत जाते, वाचणारा तिच्यासोबत गावोगाव फिरतो, एका घरात राहत नाही. हरिभाऊंनी आपल्या नायिकेला, यमूला, घरात ठेवले आणि तिच्याच तोंडून तिची हकीकत सांगवली. तिचे बालपण, आईचा मृत्यू, वडिलांचे दुसरे लग्न, नवऱ्याच्या हातचा मार खाणारी मैत्रीण दुर्गी, समजूतदार नवरा रघुनाथराव यांच्याबरोबर मुंबईत थाटलेला थोड्या दिवसांचा स्वतंत्र संसार, मग वैधव्य आणि जबरदस्तीने केलेले केशवपन, हे सारे वाचकाच्या स्वतःच्या तीन वर्षांच्या चालीने आले. या प्रकारच्या कादंबऱ्यांना हरिभाऊंनी नाव दिले होते ‘आजकालच्या गोष्टी’. त्याच ‘करमणुकी’त पुढे ‘उषःकाल’ही हप्त्यांनीच आली. ती वाचताना पुढचा अंक कधी येतो असे होई; पण शिवकाळातल्या स्वारात आपला मेहुणा कोणाला दिसत नाही. लेखक तोच, साप्ताहिक तेच, हप्तेही तेच. नुसत्या उत्कंठेने ओळख पटत असती तर ‘उषःकाला’तही ती तितकीच पटली असती. हप्ता आणि आजचे घर या दोन गोष्टी एकत्र लागतात.

त्या तीन वर्षांत बाहेर काय चालले होते, तेही पाहावे. पंडिता रमाबाईंनी 1889मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला आणले. 1891च्या जानेवारीत संमतिवयाचे विधेयक आले, मार्चमध्ये कायदा झाला, मुलींचे संमतिवय दहावरून बारा झाले. पुण्यात सभा आणि वर्तमानपत्रे पेटली. 1893मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी शारदा सदनातल्या विधवा गोदूबाईंशी लग्न केले. बाहेरच्या खोलीत पुरुष संमतिवयावर तावातावाने बोलत आणि त्याच घरात ‘करमणुकी’चा अंक येई. मुलीचे वय, तिची शाळा, विधवेचे केस यांवर सभेत बाजू घ्यावी लागे. यमूच्या बाबतीत बाजू घेण्यापूर्वी तिच्याबरोबर दिवस काढावे लागत. माझ्या मते कायद्याच्या वादात जे मन तयार होऊ शकले नाही, ते या अंकांनी हळूहळू तयार केले.

आता दोन आक्षेप, दोन्ही गंभीर. पहिला असा की, यमू एका पुरुषाने रचली, आणि तेव्हा वाचू शकणाऱ्या बायका शेकड्यात एखादीसुद्धा नव्हती. मग ‘बायकांना ती आपली वाटली’ हे कशावरून? हरिभाऊ एकटे नव्हते, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. काशीबाई कानिटकर या त्यांच्या स्नेही. त्यांची ‘रंगराव’ ही कादंबरी 1886पासूनच मासिकातून येऊ लागली होती, आणि हरिभाऊंचे चरित्र पुढे त्यांनीच लिहिले. बायकांच्या आयुष्याचा तपशील या अशा बरोबरीच्या स्नेहातून कादंबरीत येत होता. शिवाय घरात वाचता येणारा एक असला तरी ऐकणारे अनेक असत. पोथीने ती घडी आधीच बसवून दिली होती. आणि यमूनंतर मराठी बायकांनी स्वतःच्या हकीकती स्वतः लिहिल्या. रमाबाई रानडे यांच्या आठवणी 1910मध्ये, पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ 1928मध्ये, आनंदीबाई कर्वे, म्हणजे त्याच गोदूबाई, यांचे ‘माझे पुराण’ 1944मध्ये आले. यमूमुळे या लिहित्या झाल्या असे मी म्हणणार नाही. त्यांच्या लिहिण्याला त्यांचे आयुष्य पुरेसे होते. पण घरातल्या बाईने ‘मी’ म्हणून बालपणापासून सलग सांगितलेली हकीकत लोकांनी आस्थेने वाचावी, ही वाचकाची तयारी यमूने आधी करून ठेवली होती.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. यमूचे घर पुण्यातल्या ब्राह्मणाचे. केशवपनाची सक्ती ज्या घरांत नव्हती, शेतावर किंवा गिरणीत राबणारी बाई ज्या घरातून येत होती, त्या घरांना यमूत आपले काय दिसावे? फारसे काही नाही, हेच खरे उत्तर. वाचकाची ओळख लेखकाच्या अनुभवाच्या कुंपणापाशी थांबते. ते कुंपण मोडायला मराठी नियतकालिकांना फार वर्षे लागली. फलटणच्या बेबी कांबळे यांनी घरच्यांपासून वर्षानुवर्षे लपवून ठेवलेले लिखाण ‘जिणं आमुचं’ या नावाने 1982मध्ये ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले आणि 1986मध्ये त्याचे पुस्तक झाले. महारवाड्यातल्या बायकांचा उपासमारीचा, बाळंतपणाचा, सासूच्या छळाचा हा इतिहास ‘स्त्री’च्या मध्यमवर्गीय वाचक बाईच्या घरी महिन्यामागून महिने येत राहिला. इथे ‘हे आमच्याच घरातले’ असे म्हणणे त्या बाईला सोपे नव्हते. सासूचा छळ तिला ओळखीचा होता, पण अस्पृश्यतेकडे मात्र ती प्रथमच सोसणाऱ्यांच्या बाजूने पाहत होती. जे ओळखीचे वाटले त्याच्या आधाराने अनोळखी दुःखाजवळ जाता येते, आणि त्या दुःखात आपल्या घराचा हात किती, हा प्रश्नही टाळता येत नाही.

राहता राहिला तो नेहमीचा ठपका: असे वाचणारे आणि पाहणारे भाबडे असतात, त्यांना खरे-खोटे कळत नाही. याला ‘हम लोग’ या हिंदी मालिकेने उत्तर दिले आहे. 7 जुलै 1984 ते 17 डिसेंबर 1985 या काळात दूरदर्शनवर तिचे दीडशेहून अधिक भाग झाले. लेखन मनोहर श्याम जोशींचे, प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमारांचा उपदेश. मेक्सिकोतल्या मिगेल साबिदो यांच्या बोधपर मालिकांचा नमुना पुढे ठेवून ती रचली होती: काही पात्रे अनुकरणासाठी, काही टाळण्यासाठी. सगळे मुकाट्याने सोसणारी आई भागवंती ही टाळायच्या पात्रांतली. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी प्रेक्षकांचा अभ्यास केला, तेव्हा दिसले ते उलटेच: कित्येक प्रेक्षकांना भागवंतीच आदर्श वाटत होती. योजकांना हे अपयश वाटले असेल, मला मात्र यात प्रेक्षकांची स्वतंत्र बुद्धी दिसते. त्यांचे मत मला पटत नाही. भागवंतीसारखे सोसत राहावे असे मी कोणालाही म्हणणार नाही. पण भाबडा प्रेक्षक अशोककुमारांचे ऐकतो. या प्रेक्षकांनी उपदेश बाजूला ठेवला आणि आपल्या आईला स्मरून न्याय केला. ओवीतल्या बाईनेही हेच केले होते; वाल्मीकींनी जे सांगितले नाही ते तिने आपल्या घरावरून ठरवले. 1999मध्ये सुरू झालेल्या ‘आभाळमाया’ या मराठी मालिकेतल्या सुधा जोशीला नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या मराठी बायकांनी आपली म्हटले, तेही याच परंपरेने.

वाचकांचा हा इतिहास आपण अजून लिहिलेला नाही. स्यूला आलेली पत्रे पॅरिसने जपली, म्हणून 1842चा कामगार कादंबरीत काय शोधत होता हे आज सांगता येते. आपल्याकडे लेखकांची पत्रे छापली जातात, वाचकांची रद्दीत जातात. तुमच्या माळ्यावर जुन्या मासिकांचे बांधीव खंड असतील, त्यांच्या समासात आजीने काही लिहिले असेल, एखाद्या लेखिकेला पाठवायच्या पत्राचा कच्चा मसुदा पानांत राहिला असेल, तर ते विकू नका. पुणे नगर वाचन मंदिर किंवा मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय यांच्यासारख्या संस्थेत, नाहीतर गावातल्या वाचनालयात नेऊन द्या, आणि देताना त्या पानावर तारीख व गाव लिहून ठेवा.