मावळचे पाणी आणि तबकड्यांचे यंत्र

मंडळी, लोणावळ्याजवळचे वळवण धरण तुम्ही पाहिलेच असेल. इंद्रायणीच्या खोऱ्यातले, म्हणजे एरवी देहू-आळंदीकडे जाणारे हे पाणी. ते पश्चिमेला वळवून मोठ्या नळांतून घाटाखाली खोपोलीला सोडले आणि 1915 साली तिथे टाटांची वीज निघू लागली. 1922 साली मावळातच आंध्रा नदीवर ठोकरवाडीचे धरण झाले. त्याचे पाणी भिवपुरीला उतरले. शेजारच्या मुळशीत तर धरणाखाली जमिनी जाणार म्हणून 1921 साली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला; सेनापती बापट त्यात पुढे होते. वीज गेली ती मुंबईच्या गिरण्यांना आणि पुढे घरांनाही. वर मावळच्या खेड्यांत मात्र बरीच वर्षे चिमणीच मिणमिणत राहिली.

आता तुम्ही म्हणाल, या पाण्याचा आणि गाण्याचा काय संबंध? सांगतो.

खेड्यात गाणे ऐकायचे तर चावीचा फोनो. दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत संपे. लगेच उठा, तबकडी पालटा, सुई बदला, पुन्हा चावी द्या! वीज असलेल्या घरात हा खटाटोप टळला. अमेरिकेतल्या व्हिक्टर कंपनीने 1927 साली आपोआप तबकड्या बदलणारे यंत्र बाजारात आणले. पुढे इंग्लंडच्या गॅरार्ड आणि बी.एस.आर. या कारखान्यांचे ‘चेंजर’ जगभर गेले.

त्याची करामत अशी. फिरत्या थाळीच्या मधोमध एक उंच, किंचित वाकडा खिळा असतो. त्याच्या खाचेवर आठ-दहा तबकड्यांची चळत बसते आणि वरून एक आडवा हात ती तोलून धरतो. पाळी आली की खिळ्यातली जीभ सगळ्यांत खालच्या तबकडीला जरासा धक्का देते. ती खाचेवरून सुटते आणि अलगद थाळीवर उतरते.

पण गाणे संपले हे यंत्राला कळते कसे? गाणे चालू असताना सुईचा दांडा एका फेऱ्यात जेमतेम पाव मिलिमीटर आत सरकतो. त्याला जोडलेली बारीक पट्टीही तेवढीच पुढे येते आणि थाळीखालचा खुंट दर फेऱ्याला तिला मागे ढकलतो. शेवटच्या मोकळ्या रेघेत मात्र सुई एकदम आत धावते. पट्टी नेहमीपेक्षा जास्त पुढे येते आणि खुंट तिला मागे न सारता अडकवतो. एवढ्याने शेजारचे दात्यांचे मोठे चाक जागे होते. या चाकाचे काही दाते मुद्दामच काढलेले असतात, म्हणून एरवी थाळी त्याला न लागता मोकळी फिरते. आता ते एक पूर्ण फेरा घेते. त्या फेऱ्यात दांडा उचलला जातो, बाहेर जातो, नवी तबकडी पडते आणि दांडा पुन्हा काठावर टेकतो. चळत संपली की आडवा हात खाली येतो आणि त्यावरून यंत्र स्वतःच बंद होते.

यात कुठे मेंदू नाही. आहेत ते तरफा, स्प्रिंगा आणि एक चाक. म्हणून त्याला मर्यादाही आहे: तबकडी ते उलटी करीत नाही. दोन बाजूंवर विभागलेला ख्याल असला, तर पूर्वार्धामागून दुसऱ्याच गायकाचे गाणे सुरू व्हायचे! उत्तरार्धासाठी शेवटी माणसालाच उठावे लागे.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, असे जुने यंत्र कुणाच्या माळ्यावर सापडले तर भंगारात देऊ नका. वीज न जोडता त्याची कळ सरकवा आणि थाळी हाताने सावकाश फिरवा. सगळी अदलाबदल मुलांना टप्प्याटप्प्याने दिसेल. मग त्यांना विचारा, ही थाळी विजेवर फिरे तेव्हा ती वीज कुठून येत होती? मुंबईतल्या चेंजरचा प्रश्न असेल, तर उत्तर शोधत ती घाट चढून वळवणपर्यंत आणि ठोकरवाडीपर्यंत येतील. त्या पाण्याखाली कुणाची शेते होती, हेही त्यांना तिथेच सांगा.