औषध-विरामाची हकीकत

रोग्यानें औषध सोडूं नये म्हणून वैद्यानें आग्रह धरावा, ही गोष्ट वैद्यकाइतकीच जुनी आहे. पण गुण येत असलेल्या रोग्यास वैद्यानेंच "कांहीं दिवस औषध बंद ठेवा" अशी विनंति करावी, हा प्रकार गेल्या तीस वर्षांतला होय. एच्. आय्. व्ही. या विषाणूचें समूळ उच्चाटन करूं पाहणाऱ्या संशोधनांत ही विनंति वारंवार केली जाते, आणि तिजकडे पाहण्याची दृष्टि एवढ्या अवधींत एकदां नव्हे, अनेकदां पालटली आहे.

१९९६ सालीं तीन औषधें एकत्र देण्याची पद्धति रूढ झाली आणि मरणोन्मुख माणसें उठून कामास लागलीं. रक्तांत विषाणु सांपडेनासा झाला. आतां हा रोग थोड्याच वर्षांत निपटून निघेल अशी जी आशा उत्पन्न झाली, तिला १९९७ मध्यें धक्का बसला. शरीरांतील कांहीं दीर्घायुषी पेशींत विषाणु निद्रिस्त होऊन राहतो व तेथें औषधाची मात्रा चालत नाहीं, असें तीन निरनिराळ्या संशोधक-मंडळांनीं त्या वर्षीं दाखविलें. हा दडलेला शत्रु उरला आहे कीं नाहीं हें रक्त तपासून निश्चित कळत नाहीं. औषध थांबवून वाट पाहणें हीच अखेरची कसोटी. सर्व पेंच येथें आहे.

१९९९ मध्यें बर्लिनच्या एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध झाली. इतर दुखण्यांमुळें त्याचें औषध मध्यंतरीं खंडित झालें होतें, आणि पुढें तें कायमचें सोडल्यावरही विषाणूनें फारसें डोकें वर काढलें नाहीं. झालें! थांबून थांबून औषध दिल्यास शरीर स्वतःच लढावयास शिकेल, अशी कल्पना फैलावली. त्या काळचीं औषधें सोसण्यास कठीण व महागही होतीं; सुटी कोणास नको होती? एका रुग्णाच्या दाखल्यावर केवढी इमारत उभी राहिली, हें पाहून आम्हांस नवल वाटतें.

ती इमारत 'स्मार्ट' नांवाच्या प्रयोगानें पाडली. त्यांत ३३ देशांतील ५,४७२ रुग्ण होते. निम्म्यांस औषध अखंड चालू ठेवलें. बाकीच्यांचें, रक्तांतील संरक्षक पेशी विशिष्ट मर्यादेखालीं येईपर्यंत, बंद ठेवलें. २००६ च्या जानेवारींत हा प्रयोग आटोपता घ्यावा लागला. अखंड औषध घेणाऱ्यांत ३० मृत्यु, तर खंड पाडलेल्यांत ५५. औषधाचा विषारी परिणाम टाळावा म्हणून विश्रांति दिली, तर हृदय, मूत्रपिंड व यकृत यांचे विकार उलट तिच्यांतच अधिक आढळले. तेव्हांपासून 'औषध सोडूं नका' हा वैद्यांचा निरपवाद मंत्र झाला.

परंतु उच्चाटनाची आशा त्याच सुमारास पुन्हां जागी झाली. २००७ मध्यें बर्लिन येथेंच टिमथी रे ब्राउन या गृहस्थांवर रक्ताच्या कर्करोगासाठीं मूळपेशींचें रोपण करण्यांत आलें. दात्याच्या पेशींत विषाणूस शिरकाव करण्याचें दारच जन्मतः नव्हतें. ब्राउन यांनीं एच्. आय्. व्ही. वरील औषध सोडलें, आणि २०२० मध्यें कर्करोगानेंच मृत्यु येईपर्यंत तो विषाणु परतला नाहीं. तसेंच रोपण झालेल्या, पण दात्याच्या पेशींत तें वैशिष्ट्य नसलेल्या, बोस्टनच्या दोघांत मात्र औषध थांबविल्यावर कांहीं आठवड्यांनीं वा महिन्यांनीं तो परतला. मिसिसिपीच्या बालिकेची गोष्ट तर अधिकच चटका लावणारी. २०१० मध्यें जन्मल्यावर तीस तासांत तिला औषध सुरू झालें होतें. पुढें तें खंडित होऊनही २७ महिने विषाणु दिसला नाहीं. २०१४ मध्यें दिसला.

आतां रुग्णांच्या बाजूनें पाहूं. थायलंडमधील एका प्रयोगांत, लागण झाल्यावर अगदीं आरंभींच औषध मिळालेल्या आठ जणांनीं स्वेच्छेनें तें थांबविलें. २०१८ मध्यें प्रसिद्ध झालेला निकाल असा कीं आठांतही विषाणु परतला, बहुतेकांत महिन्याच्या आसपास. औषध पुन्हां देतांच तो दबला खरा. पण या मंडळींस स्वतःचा लाभ काय झाला? कांहींच नाहीं. अशा स्वयंसेवकांच्या मुलाखतींत पुढें येणाऱ्यांस इतरांच्या उपयोगीं पडावयाचें असतें, हें पुनःपुन्हां दिसतें. मागें राहणाऱ्यांच्या मनांत भीति असते ती आपण पुन्हां संसर्गजन्य होऊं हीच. विषाणु सांपडत नाहीं तोंवर तो शय्यासोबत्यास लागत नाहीं, हें सिद्ध झाल्यापासून कित्येकांचा संसार या एका शब्दावर उभा आहे. फ्रान्समधील एका लशीच्या प्रयोगांत विरामाच्या काळांत स्वयंसेवकाच्या जोडीदारास लागण झाली. त्या जोडीदाराची संमति कोणी घेतली होती? हा प्रश्न आम्हांस सर्वांत बोंचतो.

आमच्याकडे या विषयास निराळी धार आहे. १९८६ मध्यें चेन्नईस ज्यांनीं या देशांतील पहिले रुग्ण उजेडांत आणले त्या डॉ. सुनीति सॉलोमन मूळच्या गायतोंडे. २००१ मध्यें मुंबईच्या सिप्ला कंपनीनें वर्षास ३५० डॉलरांत औषधें देऊं केलीं. सरकारी मोफत उपचार २००४ मध्यें सुरू झाला. तोंवर येथें औषध-विराम कोणी मागत नसे; पैसे संपले कीं तो आपोआप पडे.

२०१८ च्या एका परिषदेनंतर संशोधकांनीं ज्या शिफारशी केल्या, त्यांत जोडीदारांच्या संरक्षणास स्थान मिळालें आहे. विषाणु दिसतांच औषध द्यावें, कीं शरीर त्यास आवरतें का हें पाहण्यासाठीं आणखी कांहीं आठवडे थांबावें, यावर मात्र मतभेद आहेत. आणि ते आठवडे ज्याच्या रक्तांत मोजावयाचे, त्यास प्रयोगाची आंखणी करतांना विचारण्याची प्रथा आतां कोठें पडूं लागली आहे.