उलाळ

पुण्यात बंडी म्हटलं की सदऱ्याआतलं कापड आठवतं. वर्ध्यात बंडी म्हणजे बैलगाडी. शब्द तेलुगू मुलखाकडून आलेला, तिकडे आजही गाडीला बंडीच म्हणतात. बंडीच्या पुढच्या लांब लाकडांची धुरी, आणि तिच्यावर बसून बैल हाकणारा धुरकरी. मूळ संस्कृत ‘धुर्’, म्हणजे जनावराच्या खांद्यावर भार येतो ती जागा. त्याच कुळात पुढे धुरंधर जन्मले, धुरीण जन्मले, आणि पक्षाची धुरा वाहणारेही. (विदर्भात शेताच्या बांधालाही धुरा म्हणतात. त्या धुऱ्यावरून जेवढे खटले कोर्टात गेले, तेवढे पक्षाच्या धुरेवरून गेले नसतील.)

पण मला सांगायची आहे ती उलाळची कुळी. मागे जड झालेली, पुढून वर उचलू पाहणारी गाडी ती उलाळ. हिंदीत उलार. दोन्हींच्या मागे ‘उल्लल्’, म्हणजे उसळणं. परदेशात मोटारीमागे घरासारखा ट्रेलर बांधून फिरणारे लोक जो घोळ निस्तरायला महागडे हूक विकत घेतात, तो या तीन अक्षरांत मावलेला आहे.

बंडी दोन चाकांची, म्हणजे तराजूच. आस ही तिची टेकण, एका बाजूला माल, दुसऱ्या बाजूला जू. माल आसाच्या मागे सरकला की जू वर उठतं आणि गळ्याखालच्या जुपणीनं बैल गुदमरतो. फार पुढे आला की जू मानेवर बसतं, कातडी सोलते, खांदा येतो. बरोब्बर आसावर ठेवला तरी भागत नाही, दर खड्ड्याला जू खालीवर आपटतं. म्हणून थोडा भार पुढे हवाच. थोडा म्हणजे किती, ते माल भरणाऱ्याला हातानं कळतं: जू धरून उचलून पाहायचं आणि दोन पोती इकडची तिकडे करायची.

हे कसब फार जुनं असेल असं वाटतं, पण मालवाहतुकीत ते सर्रास झालं ते रस्ते झाल्यावर. त्याआधी या भागातला बराच माल लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून जायचा. तिथे तोल होता डाव्या-उजव्या गोणीचा. काळ्या मातीतून रस्ते निघाले, गाड्या वाढल्या, आणि तोल आडव्याचा उभा झाला. १८६२मध्ये वर्धा जिल्हा नागपूरपासून वेगळा निघाला, १८६७मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. हिंगणघाटच्या कापसाचं नाव तेव्हा मोठं होतं. रेल्वेमुळे बंडी मोडीत निघाली नाही, उलट शेतापासून सरकी काढणाऱ्या जिनापर्यंत आणि जिनापासून स्टेशनापर्यंत तिच्या खेपा वाढल्या.

आणि कापूस म्हणजे उलाळचा सख्खा भाऊ. हलका, फुगीर, म्हणून उंच रचावा लागतो. एक साधा हिशेब मांडून पाहू. दहा क्विंटल माल, आसापासून जू आठ फुटांवर, आणि मालाचा मध्य आसाच्या सहा इंच पुढे. मग जूवर साधारण ६२ किलो येतात, म्हणजे एका बैलाला तीसएक. ठीक आहे. आता मालाचा मध्य आसाच्या चार फूट वर आहे असं धरा आणि दहा फुटांत एक फूट असा चढ लागू द्या. तो मध्य जवळजवळ पाच इंच मागे जातो आणि जूवर उरतात बारा-तेरा किलो. एखादा दगड लागला की उलाळ. तेवढाच उतार लागला तर ११२ किलो. माल तोच, दोरी तीच, बैलांच्या मानेला मात्र एका खेपेत नऊपट फरक.

यावर बंडीत एकच सरकतं वजन होतं, ते म्हणजे धुरकरी. साठ किलोचा माणूस आसाच्या चार फूट पुढे, धुरीवर बसला की जूवर तीस किलो वाढतात. उताराला दोन फूट मागे सरकला की पंधरा किलो कमी होतात. चढाला पुढे, उताराला मागे, हे गाडी हाकणाऱ्याच्या पोराला शाळेत जायच्या आधीच येत असे. गणिताच्या पुस्तकात तरफ भेटायची ती नंतर.

कायद्यानंही या चढाची दखल घेतली आहे. ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५चे केंद्र सरकारचे नियम आहेत. लहान बैलामागे साध्या चाकांच्या गाडीत ५०० किलो, हवेच्या टायरांना ७५०, बॉल बेअरिंग असेल तर १०००. आणि तीस मीटरांत तीन मीटरहून जास्त चढ असा किलोमीटरभर असेल तर वजन निम्मं. म्हणजे माझ्या हिशेबातलाच चढ. पण तक्ता सांगतो तो एकूण वजनाचा आकडा. ते वजन गाडीत कुठे ठेवायचं, हे तक्त्यात नाही. बैलाच्या खांद्याला मात्र तेवढंच कळतं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी विदर्भात बैलाची खांदशेकणी होते. पळसाच्या पानानं लोणी नि हळद खांद्यावर चोळतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. वर्षभर चुकलेल्या तोलाची ती माफीच म्हणायची. बैलही इथला चपळ. आर्वी, आष्टी, कारंजा या पट्ट्यातली गवळाऊ जात अंगानं हलकी आणि पळायला तेज. मराठ्यांच्या फौजेच्या वाहतुकीशी तिचं नातं सांगतात. अशा बैलाच्या मानेवर चुकीचा भार टाकणं म्हणजे घोड्याला घाण्याला जुंपणं.

वर्ध्यात या प्रश्नाला एक विनोदी उत्तरही निघालं होतं. १९३४मध्ये मगनवाडीत ग्रामोद्योग संघ उभा राहिला, १९३६मध्ये गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला गेले आणि वर्धा ते सेवाग्राम पाहुण्यांची रीघ लागली. जमनालाल बजाजांकडे तेव्हा एक फोर्ड मोटार होती, पण इंजिनावर चालणारी नव्हे, बैल जोडलेली. बैल म्हणजे ‘ऑक्स’, म्हणून गाडीचं नाव पडलं ‘ऑक्सफर्ड’. लोक हसले, पण तोलाच्या दृष्टीनं ती बंडीपेक्षा शहाणी. गाडीला चार चाकं, म्हणजे सगळा भार जमिनीवर. बैलांना फक्त ओढायचं. सिंदी रेल्वे या गावच्या तान्ह्या, म्हणजे पोरांच्या, पोळ्यातला चाकांवरचा लाकडी नंदी तेवढा त्यांच्याहून सुखी.

चार चाकं मात्र शेतरस्त्याला मानवत नाहीत, वळताना अडतात. त्यामुळे बंडी दोन चाकांचीच राहिली, फक्त लाकडी चाकावरची लोखंडी धाव जाऊन टायर आले. ओढणं हलकं झालं तसा माल वाढला आणि उलाळ तिथेच राहिली. मग ट्रॅक्टर आला. दोन चाकांच्या ट्रॉलीत पुढे जास्त भरलं की हूक दबतो, चढाला ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली जातात आणि स्टिअरिंग हातात नुसतं फिरतं. मागे जास्त भरलं तर हूकच वर ओढला जातो. धुरकऱ्यासारखं पुढेमागे सरकायला ड्रायव्हरला जागा नाही, त्यानं सीट सोडली तर दुसराच खेळ सुरू होतो.

महाराष्ट्र सरकारनं २०२१मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा हा जुना प्रश्न नवे कपडे घालून आपल्या दारात आला आहे. मोटारीमागच्या ट्रेलरचा हूकवर पडणारा भार त्याच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के असावा, असा अमेरिकेतला रिवाज आहे. आपल्या हिशेबात बंडीचा सहा टक्के होता, मग इथे एवढा का? वेगामुळे. बैल चालतो. मोटार ऐंशीच्या वेगानं जाते आणि पुढे हलका असलेला ट्रेलर शेपटासारखा डुलायला लागतो. पण भार वाढवला की मोटारीचं बूड बसतं, पुढची चाकं हलकी होतात. त्यासाठी भार वाटून देणारा हूक निघाला. त्याच्या डोक्यातून दोन लवचीक पोलादी बार मागे ट्रेलरच्या सांगाड्याखाली जातात आणि साखळीनं ताणून वर बांधतात. हातगाडीच्या दांड्या उचलाव्यात तसा तो ताण जोडणीची जागा वर उचलतो, आणि भाराचा काही वाटा मोटारीच्या पुढच्या चाकांवर नि ट्रेलरच्या चाकांवर जातो. बसल्याजागी सरकणारा धुरकरीच, फक्त पोलादाचा.

असा हूक घ्यायची वेळ आली तर बारची ताकद रिकाम्या ट्रेलरवरून ठरवू नका. पाणी, गॅस, गाद्या, भांडी सगळं भरून मग हूकवरचा भार मोजा आणि त्याला जुळणारे बार घ्या. फार कडक बार गाडीला दणके देतात, नरम बार काम करत नाहीत. ट्रेलर जोडण्याआधी मोटारीच्या पुढच्या चाकावरच्या मडगार्डची जमिनीपासूनची उंची टेपनं मोजून ठेवा, जोडल्यावर पुन्हा मोजा. उंची वाढलेली दिसली तर साखळी एक कडी आखडून घ्या. आणि बार कितीही भारी असले तरी जड सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला ठेवू नका.