जुनी फिल्म कशी वाचायची? आणि फिल्मच नसेल तर?



जयंतीच्या तयारीला तेरमध्ये पोरं जमली होती. काम कमी, मोबाईल जास्त. एकाने जॅक जॉन्सनची १९१० सालची लढत लावली आणि सगळे हसायला लागले. "दादा, ही बॉक्सिंग आहे का मिठ्या मारणं? आत्ताचा कुठलाही बॉक्सर याला दोन मिनिटांत झोपवील."

तेरच्या माणसाने तरी असं बोलू नये. आपल्या त्रिविक्रम मंदिराचा मागचा गोलाकार, विटांचा भाग पाहून अभ्यासकांनी त्यात बौद्ध चैत्याची रचना ओळखली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते फक्त मंदिर दिसतं. जुनी फिल्मही अशीच वाचावी लागते.

तेव्हाचा कॅमेरा हाताने फिरवत. सेकंदाला चित्रं कमी पडत, आणि आज ती जास्त वेगाने चालवली की माणसं बाहुल्यांसारखी टुणटुणतात. तो दोष यंत्राचा. शिवाय ही लढत ४५ फेऱ्यांची ठरली होती. तीन-तीन मिनिटांच्या ४५ फेऱ्या म्हणजे सव्वादोन तास, तेही उघड्यावर, जुलैच्या उन्हात. पहिल्या दहा फेऱ्यांत दम उधळणारा मूर्खच ठरला असता. हातमोजे हलके होते, त्यांच्याआड तोंड लपवता येत नसे. म्हणून ठोसा तळहाताने झेलायचा, नाहीतर समोरच्याचा दंडच दाबून धरायचा. पोरं ज्याला मिठ्या म्हणत होती ती हीच कला होती. जॉन्सन जेफ्रीजचा दंड दाबतो, ठोसा सुटायच्या आधीच मारतो आणि खालून आखूड ठोसा हनुवटीला लावतो. मी वेग कमी करून फिल्म पुन्हा लावली. थोड्या वेळाने तोच पोरगा म्हणाला, "दादा, हा मार खातच नाही की!"

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. जेफ्रीज काही वर्षं निवृत्त होता, वजन उतरवून परत आलेला. गोऱ्यांची इभ्रत राखायला त्याला ओढून आणलं होतं. त्या एका विजयावरून जॉन्सनची पूर्ण उंची मोजता येत नाही.

पण फिल्म कोणाच्या हातात होती हेही विचारा. १९०८ मध्ये सिडनीला जॉन्सनने टॉमी बर्न्सला हरवून हेवीवेट अजिंक्यपद घेतलं. हा मान मिळवणारा तो पहिला काळा माणूस. चौदाव्या फेरीत पोलिसांनी लढत थांबवली आणि कॅमेराही बंद केला गेला. गोरा विजेता कोसळलेला जगाला दिसू नये म्हणून! १९१० च्या विजयानंतर अमेरिकेत काळ्या वस्त्यांवर हल्ले झाले, अनेक शहरांनी ती फिल्म दाखवायला बंदी केली. १९१२ मध्ये तर मुष्टियुद्धाच्या फिल्मा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावरच कायद्याने बंदी आली.

आता आपल्याकडे या. पालवणकर बाळू. चर्मकार समाजातला डावखुरा फिरकी गोलंदाज. पुण्याच्या युरोपियनांच्या जिमखान्यात मैदानाची कामं करत, सरावाला गोऱ्यांना चेंडू टाकत. ग्रेग नावाचा इंग्रज फलंदाज बाद झाला की दर वेळी आठ आणे देई, अशी आठवण सांगितली जाते. बॅट मात्र हाती देत नसत. हिंदू संघाला बळी घेण्यासाठी बाळू हवे होते, पण चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात.

१९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले, सरासरी १९ च्या आत. प्रथम श्रेणीत एकूण ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५ च्या आसपास. तेव्हाच्या न झाकलेल्या खेळपट्ट्या गोलंदाजाला मदत करत, हे कोणी म्हटलं तर मान्य. पण दौऱ्यावरचा हा संघ बहुतेक सामने हरला. हरणाऱ्या संघाच्या गोलंदाजाला अनेकदा एकच डाव मिळतो, आणि मागे धावांचा आधार नसतो. त्याच खेळपट्ट्यांवर बाकीच्या भारतीयांना एवढे बळी का मिळाले नाहीत? उत्तर आकड्यातच आहे. चेंडू कसा वळायचा, मनगट कसं फिरायचं, हे मात्र आपण पाहू शकत नाही. आणि त्यांच्या फलंदाजीबद्दल तर बोलूच नका. ज्याच्या हाती सरावाला बॅटच दिली नाही, त्याच्या न झालेल्या धावा कुठल्या धावफलकात शोधायच्या? कर्णधारपदही त्यांच्या नावावर नाही. ते १९२३ मध्ये धाकटे भाऊ विठ्ठल यांच्याकडे आलं.

आपल्यातही बाळूंचं नाव काढलं की काही जण तोंड फिरवतात. कारण माहीत आहे. १९३७ मध्ये ते मुंबईत काँग्रेसकडून बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पडले. त्या राजकारणाशी माझे मतभेद पक्के आहेत. पण त्यांनी घेतलेले १७९ बळी काँग्रेसच्या तिकिटावर घेतलेले नव्हते. त्यांना बाहेर चहा देणाऱ्यांनी त्यांचं कसब वापरलं आणि माणूस गाळला. आपण राजकारणासाठी कसबही गाळायचं का? जयंतीच्या फलकांत एक फलक बाळूंचा असावा, असं मी बैठकीत सांगितलं आहे. दोघांचा विरोध आहे. पुढच्या रविवारी पुन्हा बसतोय, कागद घेऊन या.