अर्धा चमचा म्हणजे नेमका किती?

"डॉक्टर, तुम्ही सांगितलं तसं अर्धा चमचाच मीठ घातलं होतं हो." चाकणला एका खोलीत राहणाऱ्या त्या आईचं काहीच चुकलं नव्हतं. बाळाला जुलाब होत होते. लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, असं फोनवर मीच सांगितलं होतं. कोणता चमचा, हे सांगायचं राहिलं. घरात चमचा एकच, भाजी वाढायचा. दहा महिन्यांच्या बाळाच्या रक्तातलं सोडियम वाढलं आणि त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. बाळ आता ठणठणीत आहे. मी मात्र तेव्हापासून रुग्णाला आधी चमचा दाखवायला सांगतो.

हा घोळ जुना आहे. तुमच्या आजीला विचारा. तिच्या लहानपणी धान्य पायलीने मापायचे. पायलीत चार शेर, शेराचं निम्मं मापटं, त्याचं निम्मं चिपटं. ही भरून मापायची मापं. सोनं, मसाला, औषध मात्र तोळ्यावर, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅमवर. त्यात वजनाचाही शेर होताच, ८० तोळ्यांचा! १९५६ च्या कायद्यानंतर ऑक्टोबर १९५८ पासून किलो-ग्रॅम टप्प्याटप्प्याने आले. दुकानातला तराजू बदलला, पण स्वयंपाकघरात तराजू कधी नव्हताच. १९७० साली आलेलं कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' घराघरांत पोचलं, त्याचं एक कारण मला हेच वाटतं: त्यातली प्रमाणं वाटी-चमच्याची आहेत. नवी नवरी असो की पिंपरीत नोकरीला आलेला एकटा मुलगा, वाटी-चमचा प्रत्येकाकडे असतो.

भाजीत हे चालतं, कारण मीठ जास्त झालं तर जीभ सांगते. तान्ह्या बाळाला ते सांगता येत नाही.

औषधाच्या बाबतीत हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर आला तो १९७१ मध्ये. बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन पुरेना. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा वजन करून पिशव्यांत भरला आणि ते पाण्यात विरघळवून पाजायला लावलं. लिटरला ग्लुकोज २२ ग्रॅम, मीठ ३.५ ग्रॅम. तिथे वजन करायला माणसं होती. पण घरी रात्री दोन वाजता काय करायचं? तिथे चमचाच लागतो.

आता आकडे बघा, मला ते फार आवडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ नंतरच्या ओआरएसमध्ये लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं. पाच मिलीचा सपाट चमचा साखर म्हणजे साधारण ४ ग्रॅम. सहा चमचे झाले २४. साखर पोटात फुटून निम्मं ग्लुकोज होतं, म्हणजे १२ ग्रॅम. बारीक मिठाचा तोच चमचा सुमारे ६ ग्रॅम, अर्धा म्हणजे ३. हिशेब जवळपास जुळतो. पण चमचा १० मिलीचा निघाला किंवा शीग लावून भरला, तर सगळंच दुप्पट.

म्हणून आज एक काम करा. बाळाच्या औषधाच्या बाटलीवरचं मापाचं टोपण धुऊन घ्या, त्यात ५ मिलीच्या खुणेपर्यंत पाणी भरा आणि ते घरातल्या चमच्यात ओता. काठोकाठ भरला तर हाच तुमचा मापाचा चमचा. ओसंडला तर चमचा लहान, रिकामा राहिला तर मोठा. भरताना सुरीच्या पाठीने सपाट करा. खडे मीठ नको, खड्यांमध्ये पोकळी राहते आणि माप फसतं.

बीपीवाल्यांनीही हाच चमचा वापरावा. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ म्हणजे सपाट एक चमचाही नाही, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं.

आणि ओआरएसचं पाकीट मिळत असेल तर आधी तेच आणा. फक्त किती पाण्यात घालायचं ते वाचा. काही पाकिटं लिटरची असतात, काही २०० मिलीची.