मातृशिक्षण आणि नवजात आरोग्य (ग्रामीण महाराष्ट्र)

मातृशिक्षण आणि नवजात आरोग्य : आईचे शालेय शिक्षण व संगोपनाविषयीचे तिचे ज्ञान यांचा जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतील बाळाच्या प्रकृतीशी असलेला संबंध. या काळातील मृत्यू दर हजार जिवंत जन्मांमागे मोजतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५ (२०१९–२१) नुसार हे प्रमाण महाराष्ट्रात १६.५, तर देशात २४.९ होते.

संबंधाचे स्वरूप : आई शिकलेली असेल तर मुले जगण्याचे प्रमाण वाढते, हे जॉन कॉल्डवेल यांनी नायजेरियातील माहितीवरून १९७९ मध्ये मांडले. शिक्षणामुळे लग्न लांबते, गर्भारपणी तपासण्या होतात आणि आजारी बाळाला दवाखान्यात नेण्याचा निर्णय सून स्वतः घेऊ शकते. मात्र शिकलेली मुलगी बहुधा बऱ्या परिस्थितीतल्या घरची असते. त्यामुळे शिक्षणाचा वाटा किती आणि उत्पन्न, रस्ते व दवाखाना यांचा किती, याबाबत मतभेद आहेत. पहिल्या महिन्यात हा संबंध नंतरच्या बालवयापेक्षा क्षीण आढळतो.

गडचिरोलीचा प्रयोग : डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत घरोघरी नवजात सेवा सुरू केली. तुलनेसाठी ४७ गावे घेतली. गावातल्याच, थोडेफार शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण दिले. बाळाचे वजन व तापमान पाहणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे ही कामे त्या करत. पुढे गर्भवती व नवजात यांच्या काळजीविषयी आई आणि आजी या दोघींचेही आरोग्यशिक्षण सुरू झाले. बाळंतिणीच्या खोलीत आजीचा शब्द चालतो. तिला वगळून एकट्या आईला शिकवणे अपुरे ठरते. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांत ५९.६, तर प्रयोगाच्या गावांत २५.५ होता. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. घट एकट्या आरोग्यशिक्षणाची नव्हती. जंतुसंसर्गावरील उपचार व कमी वजनाच्या बाळांची निगा यांचा त्यात मोठा वाटा होता. तरीही शाळा हुकलेल्या आईपर्यंत बाळ वाचवणारे ज्ञान पोहोचवता येते, हे येथे दिसले. ते पोहोचवणे हे समाजाचे कर्तव्य आहे.

पुणे जिल्हा : केईएम रुग्णालयाने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत मातृपोषणाचा अभ्यास सुरू केला. पालेभाज्या व फळे अधिक वेळा खाणाऱ्या गर्भवतींची बाळे जन्मतः मोठी आढळली.

भुकूम (ता. मुळशी) : पुणे–पौड रस्त्यावरील, शहरालगतचे गाव. राष्ट्रीय पाहणीचे आकडे जिल्हा पातळीपर्यंतच असल्याने ते भुकूमसारख्या एकट्या गावाला लागू करता येत नाहीत.

शासकीय योजना : घरोघरी नवजात सेवा २०११ पासून देशभर ‘आशा’ कार्यकर्तींमार्फत दिली जाते. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे सहा व घरी जन्मलेल्या बाळाकडे सात भेटी ठरलेल्या असून शेवटची भेट ४२ व्या दिवशी होते.