दरडीचा दोष एकट्या पावसाचा नाही

पावसाळ्यात आंबेनळी किंवा वरंध घाट बंद झाला की दुसऱ्या दिवशी कारण ठरलेले असते: अतिवृष्टी. सोबत भूगोलाचा दाखलाही जोडला जातो. हिमालय कोवळा, त्यात हिमनद्या वितळत चाललेल्या, तेव्हा तिथले रस्ते खचणारच. आमचा सह्याद्री मात्र काळा कातळ, मुळात पक्का. आभाळच फाटले तर कोण काय करणार? हा पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातले तळीये दरडीखाली गेले, त्याच सुमारास महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढे पाणी कोणत्याही डोंगराला जड जाईल. पण एवढे मान्य केल्यावरही बाकीचा युक्तिवाद टिकत नाही.

पहिली चूक ‘काळा कातळ’ ही. सह्याद्री एकसंध दगड नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर साचत गेला, आणि अनेक थरांच्या सांध्यात तांबड्या मातीचे मऊ पट्टे राहिले. पुष्कळ ठिकाणी माथ्यावर जांभा आहे. तो सच्छिद्र, पाणी पिणारा. त्याच्या पोटात मात्र चिकण माती, जी पाणी पुढे जाऊ देत नाही. अडलेले पाणी दाब धरते आणि वरचा थर सुटतो. पायथ्याला तर कातळ नसतोच, असतो तो शतकानुशतके ढासळून साचलेला माती-दगडांचा ढीग. वाड्या वसल्या त्या त्याच्यावर, कारण शेतीला माती आणि प्यायला झरा तिथेच. रस्त्यांनीही तीच वाट धरली. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते या सावित्रीखोऱ्यातल्या गावांवर दरडी कोसळल्या, तेव्हाच ‘पक्का डोंगर’ ही समजूत मोडायला हवी होती.

दुसरी चूक हिमालयाबद्दलची आहे, आणि ती जास्त महत्त्वाची. हिमनदी रस्त्याला दोन प्रकारे धोका देते. एक, वितळलेल्या पाण्याचे सरोवर फुटते. मे २०२२ मध्ये शिस्पर हिमनदीजवळचे सरोवर असेच फुटले आणि काराकोरम महामार्गावरचा हसनाबादचा पूल वाहून गेला. दुसरा प्रकार बातमीत क्वचितच येतो. दरीत भरलेला बर्फ दोन्ही कड्यांना खालून टेकू देत असतो. तो पातळ झाला की कड्याचा पाय मोकळा होतो, भेगा पडतात आणि कडा खाली येतो. म्हणजे मुद्दा उष्णतेपेक्षा टेकूचा आहे. कोकणात बर्फ नाही हे खरेच. पण पोकलेन आहे. रस्ता रुंद करताना डोंगराचा पायथा जवळपास उभा कापायचा आणि निघालेला राडारोडा दरीच्या अंगाला लोटून नाले बुजवायचे, म्हणजे धान्याच्या थप्पीतले तळाचे पोते ओढून काढणे. हिमनदीला ज्या कामाला दशके लागतात ते इथे एका उन्हाळ्यात उरकते. सह्याद्री आणि हिमालय वेगळे असतील. रस्त्यावर दरड आणण्याची रीत फारशी वेगळी नाही.

पाऊस हेच एकमेव कारण असते तर उपायांचा उपयोग झाला नसता. कोकण रेल्वेचा अनुभव उलट आहे. २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि २००४ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या करंजाडीजवळ रुळांवर आलेल्या दगडांनी गाड्या घसरल्या, माणसे गेली. त्यानंतर कापणीचे उतार सौम्य केले, जाळ्या बसवल्या, दरडीची सूचना देणारा ‘रक्षाधागा’ लावला, गस्त वाढवली. पावसाळ्याचे वेगळे, संथ वेळापत्रक तर आहेच. दरडी आजही येतात, गाड्या खोळंबतात; पण त्या दोन वर्षांसारखा संहार दरडीने पुन्हा केला नाही. पाऊस तर काही कमी झालेला नाही.

यावर इर्शाळवाडीचे उदाहरण पुढे केले जाईल, आणि करावेच. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली ही वाडी गाडली गेली. तिथपर्यंत मोटाररस्ताच नव्हता, बचावपथकेही पायी चढली. मग रस्त्याचा दोष कुठे? तिथे तो नव्हता. प्रत्येक दरड रस्त्यामुळे येते असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण हा दाखला पूर्वपक्षालाच महागात पडतो: न खोदलेला उतार जर इतका नाजूक असेल, तर खोदलेल्या उताराला ‘पक्का’ कोणत्या आधाराने म्हणायचे? शिवाय ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. यादीत नाव नाही म्हणून डोंगर सुरक्षित, असे मानून रस्ता आखणे त्याहून धोक्याचे.

किनाऱ्यावर हा प्रश्न दुहेरी होतो. दिवेआगरहून श्रीवर्धनला जाणाऱ्या सागरी रस्त्याच्या एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्र. वितळणाऱ्या हिमनद्यांचे पाणी शेवटी समुद्रातच येते. १९०१ पासून जगातल्या समुद्रांची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आहे, त्यात हिमनद्यांचा मोठा वाटा आहे. समुद्र पुढे सरकला की रस्ता डोंगराच्या अंगाला रेटावा लागतो, म्हणजे पुन्हा कापणी आलीच. तेव्हा रेवस–रेड्डी सागरी महामार्गाच्या प्रत्येक कापणीआधी उताराचा कोन, पाण्याच्या चरांची दिशा आणि खोदलेल्या मातीची जागा नकाशावर मांडून जाहीर व्हायला हवी. पुढे तिथे दरड आलीच, तर पावसाच्या आकड्याशेजारी तो कोनही छापता येईल.